दमलो म्हणजे हललो असं नाही

मुंबईकराला 'दिवसभर बसून असतोस तू' असं म्हणून बघा, अंगावर धावून येईल. अहो, डोंबिवलीहून उभ्याने येतो मी! लोकलची चेंगराचेंगरी, दादरचा पूल, शेअर रिक्षाची रांग... सगळं खरं. पण पुढे काय? दहाला खुर्चीत टेकलेला माणूस दीड वाजता डबा उघडतो तोही त्याच खुर्चीत. चहा जागेवर येतो. तीन टेबलं पलीकडच्या सहकाऱ्याला आपण व्हॉट्सॲप करतो. रात्री 'जाम दमलोय' म्हणत सोफ्यावर आडवे, हातात मोबाईल. दमवलं गर्दीने, पायांना काम मिळालंच नाही.

असं बसून राहणं हृदयाला महागात पडतं, याचा पहिला मोठा पुरावा बसवाल्यांकडूनच मिळाला. १९५३ साली जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या डबलडेकरवरचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना केली. ड्रायव्हर जवळजवळ अख्खी ड्युटी बसून, कंडक्टर दिवसाला पाचशेच्या वर पायऱ्या चढणारा. हृदयविकार कंडक्टरांमध्ये बराच कमी निघाला. (पुढे गणवेशाची मापं तपासली तेव्हा ड्रायव्हर मंडळी भरती होतानाच कमरेने जास्त होती असंही दिसलं. म्हणजे सगळा दोष सीटचाच नव्हता.) वाचताना मला बेस्टच्या डबलडेकरचा जिना टकाटक चढणारा कंडक्टर आठवला. त्या जुन्या गाड्या २०२३ मध्ये गेल्या.

२०१६ साली दहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून निष्कर्ष निघाला, की रोज तास-सव्वा तास भरभर चालणाऱ्यांना आठ तास बसण्याने वाढणारा अकाली मृत्यूचा धोका जवळपास उरत नाही. छान. पण बदलापूरहून येणाऱ्या बाईने हा सव्वा तास कुठून काढायचा? ती तर लेडीज डब्यात भाजी निवडून वेळ वाचवते. २०२२ च्या अंदाजानुसार भारतातल्या निम्म्या प्रौढांची पुरेशी हालचाल होत नाही. पुरुष ४२ टक्के, बायका ५७. या आकड्यांना कोणी आळस म्हणालं की माझं डोकं फिरतं. निघावं चालायला, तर फुटपाथवर पेव्हर ब्लॉक उखडलेले, पुढे खणलेलं, त्यापुढे बाईक लावलेली.

आमच्या ऑफिसात मध्यंतरी आरोग्य सप्ताह झाला. एक तज्ज्ञ आले आणि एसी हॉलमध्ये दीड तास आम्हाला बसवून बसण्याचे तोटे सांगून गेले. मध्ये कोणी पाय मोकळे करायला उठलं तर एचआरच्या मॅडम डोळे वटारत होत्या. खुर्ची आपण निवडलेली नसते हो, ती नोकरीबरोबर मिळते.

आणि याच शहरात साडीच्या दुकानातल्या मुली सकाळपासून रात्रीपर्यंत उभ्या असतात. सतत उभं राहिल्याने पायाच्या शिरा फुगतात, कंबर जाते. दुकानातल्या कामगारांना बसू द्या, हे केरळला २०१८ मध्ये आणि तमिळनाडूला २०२१ मध्ये कायद्यात लिहावं लागलं.

जेवणानंतर पाच मिनिटं चाललं तरी रक्तातली साखर कमी चढते. तेवढं जिन्यात, गॅलरीत, कुठेही जमतं, फक्त उठलेल्या माणसाकडे 'हा कामचुकार' या नजरेने बघायचं साहेबांनी थांबवावं. लांबलेल्या मीटिंग उभ्याने घ्याव्यात, आपोआप आटोपतील. आणि शेटजींनी काउंटरमागे दोन स्टुलं ठेवावीत. तेवढा खर्च परवडतो.