देवाचा, लग्नाचा की वारलेल्यांचा?

कासच्या फुलांचे फोटो साताऱ्यात कुणाकडे नाहीत? 2012 मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाट जागतिक वारशाच्या यादीत घेतला, त्यात कासचं पठारही आलं. तेव्हापासून सप्टेंबरात यवतेश्वरचा घाट चढणाऱ्या प्रत्येक गाडीत एक तरी कॅमेरावाला असतो. आमच्या ग्रुपच्या गाडीत तर चालकासकट सगळेच. त्यामुळे प्रदर्शन भरवायचं ठरलं तेव्हा फोटोंची चिंता नव्हती. तीस फोटो एका बैठकीत, दोन प्लेट भजी आणि किरकोळ भांडण एवढ्यावर निवडून झाले. सगळे चपला घालत असताना कुणीतरी विचारलं, "फ्रेमचं काय?" डॉक्टर म्हणाले, "त्यात काय? सगळ्यांना काळ्या करून टाकू." बाहेर आषाढातला पाऊस कोसळत होता. फ्रेम ठरल्या तेव्हा राजपथावर आकाशकंदील विकायला आले होते.

ग्रुपमध्ये हे डॉक्टर, एक विमावाले दादा, एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर, एक इंजिनीअरिंगचा पोरगा आणि मी. मी शाळेत गणित शिकवते. "मापांचं काम आहे, तुम्हीच बघा मॅडम," असं म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं.

मोती चौकाजवळच्या एका बोळात फ्रेमवाल्या काकांचं दुकान आहे. दुकान कसलं, एक उभी फट. आत शिरलं की लाकडाचा भुसा, सरस आणि थिनरचा वास, आणि भिंतभर खिळ्यांना टांगलेले पट्ट्यांचे काटकोनी नमुने. मी पिशवीतून पहिला फोटो काढला.

"कुनाचा फोटो म्हनायचा?"

"सीतेची आसवं."

"सीतामाई व्हय? मग ह्या बाजूला या." काकांनी सोनेरी वेलबुट्टीचा नमुना उतरवलासुद्धा.

हे रानफूल आहे, निळं, नखाएवढं, पठारावर पाणथळ जागेत उगवतं, असं मी सांगितल्यावर काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि फोटो उलटा करून पाठही बघितली. मग मला समजेल अशा भाषेत अडचण सांगितली. भिंतीवर नमुने शंभर दिसत असले तरी त्यांच्या धंद्यात खाती चारच. देवाची पट्टी सोनेरी. लग्नाची रुंद, चकचकीत, जमलं तर मरून. सत्काराची चॉकलेटी, कारण मानपत्र त्यात भारदस्त दिसतं. आणि वारलेल्यांची काळी, अरुंद, चंदनाचा हार बसेल अशी. "आता ह्ये फूल मी कुठल्या खात्यात टाकू, तुमीच सांगा."

काकांचं चुकत नव्हतं. राजा रविवर्म्यानं 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती छापून घरोघर पोचवल्या. तोवर देव बहुतेक घरांत पितळेचे होते, आता ते कागदावर आले, आणि कागद म्हटल्यावर काच आली, पट्टी आली, खिळा आला. फ्रेमवाल्यांचं बस्तान बसवण्यात देवांचा वाटा मोठा. माणसं मागाहून भिंतीवर चढली, तीही बहुतेक गेल्यानंतरच.

तेवढ्यात काकांच्या हाताला मास्तरांनी काढलेला फोटो लागला. ठोसेघरच्या वाटेवर भेटलेले एक धनगर आजोबा, खांद्यावर घोंगडं, चेहऱ्यावर सुरकुत्यांचं जाळं. काकांचा आवाज एकदम उतरला. "कधी गेले?"

"गेले नाहीत. आहेत."

"आन् तुमी काळी पट्टी म्हनताय?"

मी समजावून सांगितलं की प्रदर्शनात काळी फ्रेम चालते, उलट तीच शोभते, फोटो उठून दिसतो. काकांनी शांतपणे फोटो माझ्या पिशवीत परत ठेवला. "ताई, जित्या मानसाला काळी पट्टी मी लावायचो न्हाई. उद्या काय कमीजास्त झालं तर लोक म्हनतील, फ्रेमवाल्यानं आधीच तयारी केलती."

आता पंचाईत अशी की आमच्या समितीचा एकच ठराव एकमतानं झाला होता: सगळ्या फ्रेम सारख्या. म्हणजे आजोबा हयात असल्यामुळे तीसच्या तीस फ्रेमचा रंग बदलणं आलं. डॉक्टरांनी सुचवलं, तो एक फोटोच काढून टाकू. मास्तर म्हणाले, मग मलाही काढून टाका. विमावाले दादा आजोबांचं वय विचारत होते, ते बहुधा सवयीनं. पोरगा म्हणाला, "फ्रेमच कशाला? फ्रेम म्हणजे बंधन. सरळ कॅनव्हासवर प्रिंट काढा आणि लाकडी सांगाड्यावर ताणून लावा." त्याचं बंधन कुणी मनावर घेतलं नाही.

"फ्रेम कशी असावी ते बघायचंय ना? औंधला चला," असा मास्तरांनी तोडगा काढला. भवानराव पंतप्रतिनिधींनी 1938 मध्ये औंधच्या टेकडीवर श्रीभवानी संग्रहालय उभं केलं. संस्थानिक स्वतः चित्रकार, त्यामुळे जमवलेलं सगळं डोळसपणे जमवलेलं. रविवर्म्याची मूळ चित्रं तिथे आहेत, त्यातली सैरंध्री बघताना तर पाय निघत नाही. आम्ही वह्या-टेप घेऊन गेलो होतो. तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिलो. परतीच्या वाटेवर मास्तरांनी विचारलं, "हं, सैरंध्रीची फ्रेम कशी होती?"

गाडीत शांतता. डॉक्टर म्हणाले, सोनेरी. दादा म्हणाले, तपकिरी, पैज लावतो. मला तिचा खाली वळलेला चेहरा आणि हातातलं भांडं डोळ्यांपुढे येत होतं, फ्रेम काही केल्या येईना. वाद रहिमतपूरपर्यंत टिकला, तिथे चहा घेतला, मग पुढे कोरेगावापर्यंत. पुन्हा जाऊन बघू, असं मात्र कुणी म्हणालं नाही.

रंगाचा निकाल लागेना म्हणून आम्ही मापाकडे वळलो. कॅमेऱ्यातून फोटो निघतो दोनास तीन या प्रमाणात, म्हणजे बारा बाय अठरा किंवा सोळा बाय चोवीस. तयार फ्रेम बाजारात मिळतात आठ बाय दहा आणि सोळा बाय वीस. जुन्या काचेच्या प्लेटवाल्या कॅमेऱ्यांचं ते प्रमाण. कॅमेरे गेले, माप राहिलं. सोळा बाय वीसमध्ये फोटो बसवायचा तर चार इंच कापावे लागतात. भांबवलीचा वजराई धबधबा तीन टप्प्यांत कोसळतो. तयार फ्रेममध्ये तो अडीच टप्प्यांत कोसळायला लागला. दादांनी तो फोटो गुडघाभर चिखलात उभं राहून काढला होता, त्यामुळे अर्धा टप्पाही सोडायला ते तयार नव्हते.

मग ठरलं: फोटो बारा बाय अठरा, भोवती तीन इंचांचा पांढरा माऊंट (म्हणजे पुठ्ठ्याची किनार), बाहेरचं माप अठरा बाय चोवीस, फ्रेम करून घ्यायच्या. आता काका हिशेब करतात तो फुटावर. अठरा बाय चोवीसचा घेर सात फूट. पण कोपरा जुळवायला पट्टी पंचेचाळीस अंशांत कापावी लागते आणि प्रत्येक कापात पट्टीच्या रुंदीएवढी जास्त जाते. एक इंची पट्टी घेतली तर सात फूट आठ इंच, दोन इंची घेतली तर आठ फूट चार इंच. मी दुकानातच वहीवर ही रीत मांडली तर काका म्हणाले, "बरोबर हाय. पन मी नऊ फूट धरतो." का, विचारलं तर म्हणाले, "गनितात पट्टी फुटत न्हाई."

माऊंट का हवा, यावर आमच्या घरी वेगळा अध्याय झाला. सासूबाईंच्या लग्नाचा फोटो वर्षानुवर्षं काचेला टेकून बसला होता. फोटोवरचा जिलेटिनचा थर दमट हवेत मऊ होतो आणि काचेला धरतो. साताऱ्याचा पाऊस त्याला पुरेसा आहे. फ्रेम बदलायला तो फोटो काढला तेव्हा सासूबाई सुखरूप निघाल्या, मामंजींच्या फेट्याचा तुरा मात्र काचेवर राहिला. सासूबाई अजून म्हणतात, "लग्नापुरताच होता म्हणा तो." माऊंट मध्ये घातला की काच आणि फोटो यांच्यात पुठ्ठ्याच्या जाडीचं अंतर पडतं आणि तुरे शाबूत राहतात.

पण माऊंटनंच काका खरे दुखावले. वरची किनार पावणेतीन इंच आणि खालची सव्वातीन ठेवा, असं मास्तरांनी लिहून दिलं होतं. चारी बाजू सारख्या ठेवल्या तर डोळ्याला फोटो खाली घसरलेला वाटतो, म्हणून खाली थोडी जास्त जागा सोडायची ही जुनी रीत. काकांनी चिठ्ठी वाचली, टेप काढला, एका पुठ्ठ्यावर पेन्सिलीनं रेघा मारल्या, पुन्हा चिठ्ठी वाचली. "अर्धा इंच फरक पडतोय."

"मुद्दाम आहे काका."

"तुमी मुद्दाम म्हनताय. बघनारा म्हनंल, म्हाताऱ्याला आता टेप धरता येत न्हाई." शेवटी प्रत्येक फ्रेममागे "खालची बाजू गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून जास्त" असं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, तेव्हा कुठे सुरी उचलली.

काचेचा विषय थोडक्यात आटोपते. साधी काच ट्यूबलाइट दाखवते. मॅट काच चकाकत नाही, पण फोटोपासून जरा लांब गेली की सगळं धूसर करते. कासच्या फोटोंना ते चालूनही गेलं असतं, तिथे धुकं असतंच. अॅक्रिलिक हलकं, पण फडक्यानं पुसलं की धूळ झटकण्याऐवजी ओढून घेतं. म्युझियमवाल्या खास काचेचा भाव ऐकून दादांनी तिचा विमा काढता येईल का ते सांगितलं. साधी घेतली. मग ज्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं त्यांनी कळवलं की भिंतीला खिळा मारायचा नाही, वरच्या पाइपाला दोरीनं टांगा. दोन मिलिमीटर काच चौरस मीटरला 5 किलो भरते. आमच्या एका फ्रेमला जवळजवळ दीड किलो, तीस फ्रेमना 42 किलो, आणि पट्टी, पुठ्ठा, हार्डबोर्ड वेगळं. दोरी कितीची आणायची यावर समितीची आणखी एक बैठक झाली. तिचा वृत्तान्त मी देत नाही.

रंग शेवटी काकांनीच ठरवला. एक दिवस फोन आला, "ताई, फिकट सागवानी फायबर आलंय. वाळवी न्हाई, पावसात फुगत न्हाई. आन् ह्या रंगाला अजून कुठलं खातं पडल्यालं न्हाई." मी समितीला न विचारता हो म्हणून टाकलं.

पोराला एवढा दम निघाला नव्हता. बंधन वगैरे विसरून त्यानं अजिंक्यताऱ्याच्या रात्रीच्या फोटोला ऑनलाइन काळी फ्रेम मागवली होती. तीच लावू म्हणाला. लावली.

उद्‌घाटनाला काका इस्त्रीचा सदरा घालून आले. फोटो त्यांनी एकही बघितला नाही. प्रत्येक फ्रेमपुढे थांबून डावा खालचा कोपरा अंगठ्यानं दाबायचा आणि पुढे जायचं, असं त्यांचं प्रदर्शन चाललं होतं. धनगर आजोबांपुढे मात्र जरा थांबले, हात जोडले, मग काहीतरी लक्षात येऊन घाईनं सोडले. अजिंक्यताऱ्याशी आल्यावर अंगठा थबकला.

"ह्यो माझा न्हाई."

कोपऱ्यात दोन पट्ट्या नीट भिडल्या नव्हत्या. काकांनी खिशातून आपलं व्हिजिटिंग कार्ड काढलं आणि त्या फटीत सरकवलं. कार्ड अर्ध्यापर्यंत आत गेलं आणि तिथेच उभं राहिलं. काकांनी पोराकडे एकदा बघितलं, आणि कार्ड तसंच ठेवून ते चहाच्या टेबलाकडे गेले.

आमच्या गडबडीत ते काढायचं राहून गेलं. बघणाऱ्यांना वाटलं, फोटोग्राफरचंच कार्ड असणार. प्रदर्शन संपल्यावर काकांचा फोन आला.

"ताई, लोक किल्ल्याचा फोटो केवढ्याला देता म्हनून इचारत्यात."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, आधी पट्टी ठरवा."