आम्ही बसलो होतो, कारण खळ धरायची होती

गेल्या गुरुवारी संध्याकाळी आमच्या वाचनालयाच्या व्हॉट्सॲप गटावर कार्यवाहांनी एक छायाचित्र टाकले. त्या गटात कार्यकारिणी, देणगीदार, दोन माजी अध्यक्ष आणि बरेचसे वर्गणीदार धरून 41 माणसे आहेत. छायाचित्र छताजवळच्या कॅमेऱ्यातून घेतलेले होते. देवघेव विभागाच्या मागच्या टेबलाशी दोन बायका पाठमोऱ्या बसलेल्या त्यात दिसत होत्या, त्यांच्याभोवती बोटाने ओढलेले तांबडे वर्तुळ होते आणि खाली लिहिले होते, 'सायं. 5.12. कामाच्या वेळेत गप्पा. संबंधितांनी नोंद घ्यावी.' त्यातली एक बाई म्हणजे आमच्या ग्रंथपाल बाई आणि दुसरी मी.

आम्ही तेव्हा काय करत होतो ते सविस्तर सांगते, कारण त्या 41 जणांपैकी एकानेही विचारले नाही. एका जुन्या बालमासिकाच्या बांधीव खंडाचे दोन फर्मे, म्हणजे दुमडून शिवलेल्या पानांचे जुडगे, सुटले होते आणि पुठ्ठ्याची पाठ उखडली होती. बाईंनी घरून मैद्याची खळ शिजवून आणली होती, कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद घातला होता. जुना कागद खळीने ओला झाला की जरा हलला तरी फाटतो, म्हणून फर्मे जागेवर बसवून, पाठीला मलमलीची पट्टी चिकटवून तो खंड दोन पाटांच्या मध्ये घालायचा आणि खळ धरेपर्यंत दोन्ही बाजूंनी दाबून ठेवायचा. यासाठी दाबयंत्र असते. ते आमच्याकडे नाही. बाई तीन वर्षांपासून प्रत्येक बैठकीत ते मागत आहेत आणि तीन वर्षांपासून 'पुढच्या अंदाजपत्रकात पाहू' हे एकच उत्तर त्यांना मिळते आहे. म्हणून एका बाजूने त्या आणि दुसऱ्या बाजूने मी, अशा आम्ही चांगली वीस मिनिटे तो खंड तळहातांनी दाबून बसलो होतो. बोलत होतो, हे खरे. हात अडकलेले असताना माणूस तोंडाने बोलणारच. पण कॅमेरा मागे आणि वर आहे. त्याला आमच्या पाठी दिसल्या, अंबाडे दिसले, खुर्च्या दिसल्या. पाट दिसला नाही, खंड दिसला नाही आणि दाबून दाबून पांढरी पडलेली बोटेही दिसली नाहीत.

मी तेथे पगारी नाही. शाळेतून निवृत्त झाल्यापासून आठ वर्षे मी रोज संध्याकाळी दोन तास तेथे जाते, बालविभाग सांभाळते, फाटकी पुस्तके दुरुस्त करते, आणि त्याबद्दल मला काही नको आहे. पण जी संस्था माझा वेळ फुकट घेते, तिने माझ्या पाठीचे चित्र काढून गावभर फिरवावे, हे मला मुळीच मान्य नाही. तसे मी कार्यवाहांना त्याच रात्री फोन करून सांगितले. त्यांनी जे उत्तर दिले, त्याने मला पहाटेपर्यंत झोप लागली नाही. ते म्हणाले, "काकू, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ते तुमच्यासाठी नव्हतेच, बाईंसाठी होते."

बाईंसाठी होते! म्हणजे ज्या बाईंचे पोट या नोकरीवर आहे, अनुदानाचा हप्ता येईल तेव्हाच ज्यांच्या हातात पगार पडतो, ज्या उलटून बोलू शकत नाहीत, त्यांच्यासाठी ते वर्तुळ होते, आणि माझ्याबरोबर कोणाचा हिशेब नाही म्हणून मला वगळले. एकाच टेबलाशी, एकाच पाटावर हात ठेवून बसलेल्या दोघींपैकी एकीला काकू म्हणायचे आणि दुसरीला चोर ठरवायचे, ही वागणूक मला त्या वर्तुळापेक्षाही जास्त लागली.

दुसऱ्या दिवशी मी ते छायाचित्र मोठे करून पाहिले. डाव्या कोपऱ्यात यंत्राने छापलेली वेळ 5.12 आहे. त्याच छायाचित्रात भिंतीवरचे घड्याळ दिसते आणि त्यात सहाला दहा मिनिटे कमी आहेत. भिंतीवरचे घड्याळ बरोबर आहे, ते मी रोज रेडिओच्या बातम्यांशी ताडून पाहते. आमच्याकडे वीज गेली की डीव्हीआरचे, म्हणजे कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचे, घड्याळ थांबते आणि वीज आल्यावर जिथे थांबले तिथून पुढे चालू लागते. त्याचा सेल मेला आहे आणि तो कोणी बदललेला नाही. म्हणजे यंत्र 38 मिनिटे मागे आहे. आता मागच्या महिन्याची गोष्ट आठवते. 'बाई आठची वेळ असताना साडेसातच्या आतच कुलूप लावून जातात, कॅमेऱ्यात स्पष्ट दिसते' असे सांगून बाईंचा अर्ध्या दिवसाचा पगार कापला होता. बाई म्हणत होत्या, मी आठलाच निघाले. मी स्वतः त्यांच्याबरोबर जिना उतरले होते आणि तेही सांगितले होते. आमच्या दोघींच्या शब्दापेक्षा सेल मेलेल्या यंत्राचा शब्द मोठा ठरला. खरे काय ते कळण्यासाठी कार्यवाहांना भिंतीकडे एकदा बघायचे होते, एवढेच. त्यांचे घर वाचनालयापासून चालत चार मिनिटांवर आहे. ते शेवटचे कधी आत आले होते, हे आम्हा दोघींनाही आठवत नाही.

हे कॅमेरे दोन वर्षांपूर्वी आले ते पुस्तके चोरीला जातात म्हणून. एकूण चार आहेत. पुस्तकांच्या रॅकवर त्यातला एकही नाही. एक देवघेवीच्या खिडकीवर, एक मागच्या टेबलावर, एक पाण्याच्या माठाजवळच्या बोळात आणि एक अंगणात. दिवाळीच्या सुट्टीत अंगणातून एका मुलाची सायकल गेली, तेव्हा तो कॅमेरा किती तरी दिवस बंद होता असे उघडकीस आले. त्या मुलाचे वडील रिक्षा चालवतात, त्यांना आम्ही काय सांगायचे? टेबलावरचा कॅमेरा मात्र एक दिवस बंद नसतो. अंधार पडला की त्याच्या काचेभोवतीचे तांबडे ठिपके दिसू लागतात आणि बाई नकळत पदर सारखा करतात. हे मी दोन वर्षे रोज पाहते आहे.

बोळातल्या कॅमेऱ्याबद्दल मी दोनदा लेखी तक्रार केली. तेथे बायका डबा खातात, साडीची पिन लावतात. आमच्या अर्धवेळ मदतनीस मुलीचे बाळ सात महिन्यांचे आहे. आजी ते दुपारी घेऊन येते, आणि ही मुलगी त्याला पाजायला तीन घरे पलीकडे जाते, कारण वाचनालयात कोपराएवढी जागा उरलेली नाही जी कोणाच्या फोनवर दिसत नाही. त्या फोनवरचे ॲप कार्यवाहांकडे आहे, त्यांच्या मुलाकडे आहे आणि यंत्र बसवणाऱ्या दुकानदारालाही पासवर्ड ठाऊक आहे. आपल्याला कोणी पाहत नाही अशा खात्रीने स्त्री जे खासगीत करते, ते पाहणे किंवा टिपणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 खाली गुन्हा आहे, हे मी तक्रारीत लिहिले होते. उत्तर तोंडी मिळाले, 'लपवण्यासारखे काही नसेल तर घाबरायचे कशाला?'

या वाक्याची मला मनापासून चीड आहे. जेवताना माझा घास कोणी मोजू नये, यात लपवण्यासारखे काय आहे? 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो निकाल आमच्याच वाचनालयाच्या वर्तमानपत्रांच्या फायलीत आहे, तारीख सांगितली की बाई दोन मिनिटांत काढून देतील. 2023 साली संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा केला आणि त्यातही नोकरीच्या कारणासाठी, मालकाचे नुकसान टाळण्यासाठी, माहिती वापरायला संमती लागणार नाही अशी वाट मालकांसाठी ठेवली. बाईंसाठी ती वाट काढता येईल असे कोणी म्हणेलही, पण माझी कसली नोकरी? मी कोणाची नोकर नाही, मला कोणी विचारले नाही, मी कुठे सही केलेली नाही.

आणि दारावरचा तो स्टिकर! 'आप सीसीटीव्ही कॅमेरे की नजर में हैं.' महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 साली झाला, त्याखाली मराठी वाचकांसाठी अनुदान घेणाऱ्या वाचनालयाच्या दारावर, यंत्राच्या खोक्यात फुकट आला म्हणून हिंदी स्टिकर चिकटवतात, आणि त्याखालून रोज मराठी मुले आत येतात. निदान 'येथे कॅमेरे आहेत' हे तीन शब्द तरी हाताने लिहायचे होते.

हे एका गावाचे असते तर मी एवढे लिहिले नसते. माझा भाचा औषधाच्या दुकानात आहे, त्याचा मालक दुसऱ्या शहरात राहतो आणि भाचा स्टुलावर टेकला की दोन मिनिटांत त्याचा फोन वाजतो. दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांना नुसते बसता यावे म्हणून केरळला 2018 मध्ये आणि तमिळनाडूला 2021 मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली, इतके या देशात नोकराचे बसणे डोळ्यांत खुपते. उलट जेथे कॅमेरा खरोखर हवा, तेथे काय होते? डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावण्याचा आदेश दिला, आणि 2025 साली त्याच न्यायालयाला ठाण्यांतल्या बंद कॅमेऱ्यांची स्वतःहून दखल घ्यावी लागली. कोठडीतल्या माणसाला वाचवू शकणारा कॅमेरा बंद पडतो आणि फाटक्या पुस्तकाशी बसलेल्या बाईवरचा कॅमेरा चोवीस तास चालतो. हा संताप मी कोणापाशी व्यक्त करू?

शुक्रवारी मी कार्यकारिणीला पत्र दिले. बोळातला आणि टेबलावरचा कॅमेरा काढावा, बाईंचा कापलेला पगार परत द्यावा, त्याच गटावर त्याच 41 जणांसमोर त्यांची माफी मागावी आणि दाबयंत्र घ्यावे, एवढे त्यात आहे. पत्राची पोच मिळाली, उत्तर नाही.

काल बाई निघाल्या तेव्हा त्यांची पिशवी जड दिसली. मी विचारले, तर त्यांनी न बोलता ती उघडून दाखवली. आत चार फाटकी पुस्तके आणि मलमलीची गुंडाळी होती. म्हणाल्या, "काकू, आता हे घरीच करते रात्री. इथे बसलेले बरे दिसत नाही." मी पिशवी त्यांच्या हातातून घेतली, चारही पुस्तके पुन्हा टेबलावर काढून ठेवली आणि सांगितले की उद्या खळ मी शिजवून आणते, पाच वाजता येथेच बसू.