आधी ती सिमेंटची गोणी खाली ठेवा

सकाळी एक व्हिडिओ आला. जेमतेम ४० सेकंदांचा. ओढ्यावरचा जुना दगडी पूल, एकसारख्या टी-शर्टातली पंधरा-वीस पोरं, मागे ढोल-ताशा, आणि मधोमध एकजण घमेल्यात सिमेंट कालवून कमानीच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, भरतोय. वर लिहिलंय ‘वारसा जपूया’.

जपताय कसले? गुदमरवताय त्याला!

काळा दगड पाणी फारसं पीत नाही. पुलाच्या पोटातल्या भरावात मुरलेलं पावसाचं पाणी दरजांमधल्या चुन्यातूनच बाहेर पडतं. ती वाट सिमेंटने बंद केली की पाणी आत साचतं आणि दोन-चार पावसाळ्यांत बाजूच्या भिंतीला पोट येतं. जांभा असेल तर आणखी वाईट, कारण मग दगडच झडायला लागतो. पणजी-रायबंदरचा १६३३-३४ मधला पूल जांभ्याचा आहे, तिथे कुणी ही गोणी घेऊन जाऊ नये म्हणजे मिळवली.

मान्य, सिमेंट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं आणि चुना मळायची घाणी शोधावी लागते. पण शोधा ना! कळीचा, म्हणजे भाजलेला पण न विझवलेला, चुना टाकीत विझवून किमान पंधरा दिवस पाण्याखाली ठेवा, महिना मिळाला तर उत्तम. मग १ घमेलं चुना, १ सुर्खी म्हणजे विटेचा चुरा, २ धुतलेली नदीची वाळू. खाडीची वाळू नको, मीठ फुटतं. सुर्खी कमी भाजलेल्या विटेचीच हवी. भट्टीतल्या जळक्या विटांचा चुरा म्हणजे नुसती लाल वाळू, तिने चुना ओलाव्यात धरत नाही.

व्हिडिओ पुन्हा लावला. बाराव्या सेकंदाला मागे ग्राइंडर दिसतो. अरे देवा. त्याने दगडाच्या कडा उडतात आणि बारीक दरज रुंद होते. छिन्नी आणि हलका हातोडा घ्या, दरज रुंदीच्या दुप्पट-अडीचपट खोल उकरा, धूळ धुवा, दगड ओला करा, मग थराथराने दाबून भरा. एकदम कोंबलंत तर आत पोकळी राहते. वरून ओलं बारदान, निदान दहा दिवस. उन्हात उघडं सोडलेलं काम नखाने निघतं. आणि हे सगळं एप्रिलअखेर आटपायला हवं. मृग तोंडावर असताना भरलेला चुना पहिल्याच पुरात धुऊन जाईल.

तिसऱ्यांदा पाहिला तर एकजण दोन्ही हातांनी पिंपळ ओढतोय. आता रागवायचंही बळ नाही. मूळ ओढलं की त्याने धरलेले दगडही सोबत येतात. खोड कापा, फुटवा येईल तसा पुन्हा पुन्हा कापा, मूळ वाळलं की दगड सैल करून काढा आणि जागेवर परत बसवा. कमानीतल्या दगडाला मात्र खालून लाकडी आधार दिल्याशिवाय हात लावायचा नाही.

आणि खांबांच्या पायाशी कुणी उतरलंय का? व्हिडिओत तरी नाही. पुराचं पाणी पायाखालची माती आधी नेतं, वरून पूल ठणठणीत दिसत राहतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा १९२८ चा दगडी पूल पुरात गेला, गाड्यांसकट माणसं गेली. प्रतापगडाच्या पायथ्याला पार गावचा शिवकालीन पूल बघून या, पाणी येतं त्या बाजूला खांब निमुळते काढलेत, प्रवाह फाटून दोन्हीकडून निघून जातो. तुमच्या पुलाच्या खांबांशी अडकलेले ओंडके आधी काढा. पाया उघडा पडला असेल तर तिथे श्रमदान नको, जाणता अभियंता बोलवा. तो पाण्याखाली सिमेंट वापरा म्हणाला तर वापरा, त्याला माझी ना नाही.

पोरं वाईट नाहीत हो. रविवारी झोपायचं सोडून ओढ्यात उतरलीत, आपल्यातले किती उतरतात? म्हणूनच जीव तुटतो. व्हिडिओ कालचाच दिसतोय, म्हणजे सिमेंट अजून पुरतं पिकलेलं नाही. उद्या उजाडताच छिन्नी घेऊन गेलात तर दगडाला धक्का न लागता निघेल. आठवड्याने दगडासकट निघेल. आणि हो, भिंतीत ओळीने जी भोकं बुजवलीत ना, ती पक्ष्यांची घरटी नव्हती. पाणी निघायची होती. ती सगळ्यात आधी मोकळी करा.