दिवा लागला, आता सांग

उन्मेष कट्ट्यावर आला तोच तणतणत. रविवारी दिल्लीला निघाला होता. विमान धावपट्टीवर पळायला लागलं, सीटला पाठ टेकली आणि कचकन ब्रेक. "कॉकपिटमध्ये एक वॉर्निंग लाइट दिसतोय," एवढं सांगून विमान परत जागेवर. चार तास उशीर.

"एका दिव्याला घाबरला रे तो! माझ्या गाडीत इंजिनाचा दिवा तीन महिने पेटलाय. रोज हिंजवडीला जातोय ना मी?"

"तुमची गाडी बंद पडली तर तुम्ही उतरून ढकलता," शिंदेमामा म्हणाले. मामा एसटीतून निवृत्त झालेत. कट्ट्यावर त्यांनाच फक्त अहोजाहो.

मक्या विमानांच्या मेंटेनन्समध्ये आहे. कुठल्या कंपनीत ते तो सांगत नाही, आम्हीही विचारत नाही. त्याने चहा फुंकत उलटतपासणी सुरू केली. "थांबल्यावर फायरब्रिगेडच्या गाड्या आल्या?"

"नाही."

"ब्रेक थंड व्हायला तिथेच उभं ठेवलं?"

"नाही रे, लगेच वळलं आणि आलं."

"मग ऐंशीच्या आत थांबवलंय. त्याच्या जागी कुणीही थांबवलं असतं."

ऐंशी म्हणजे ८० नॉट, ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास. (एअरबसवाले १०० नॉट धरतात.) तोवर कुठलाही दिवा, विचित्र आवाज, जळका वास, थांबायला काहीही कारण चालतं, थांबवा, परत या, स्नॅग (बिघाडाची नोंद) लिहा. त्या आकड्यापुढे गेलं की यादी एकदम आखूड होते. इंजिन गेलं, आग लागली, पुढे विंडशिअर (वाऱ्याची दिशा-वेग अचानक बदलणं) असल्याची सूचना आली, किंवा हे विमान उडण्यालायकच नाही असं दिसलं, तरच थांबायचं. दाराचा दिवा, पंपाचा दिवा, जनरेटरचा दिवा? उडायचं, वर जाऊन शांतपणे बघायचं, वाटलं तर फेरी मारून त्याच पट्टीवर उतरायचं.

"का पण?" उन्मेष.

नितीन क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, तो अशा प्रश्नाची वाटच बघत असतो. "वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात ऊर्जा. ऐंशीला ब्रेकनी जेवढी गिळायची, त्याच्या तिप्पट एकशेचाळीसला. आणि पट्टी तेवढीच. आपल्या लोहगाव विमानतळाची अडीच किलोमीटर, त्यातली बरीचशी मागे पडलेली."

मग व्ही वनवरून जुंपली. हा टेकऑफआधीच काढून ठेवलेला एक वेग. उन्मेषची समजूत अशी, की व्ही वन म्हणजे त्या वेगाला पायलट ठरवतो, थांबू की जाऊ. मक्या वैतागला. "ठरवायचं नसतं रे त्या वेगाला! तोवर थांबायची पहिली कृती झालेली पाहिजे. नसेल, तर विषय संपला. कॅप्टनचा हात तोपर्यंत थ्रस्ट लिव्हरवर, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करायच्या दांड्यावर असतो. व्ही वन पुकारलं की तो हात मुद्दाम काढून घेतो. का? चुकून मागे ओढला जाऊ नये म्हणून."

आपल्याच हातावर आपला भरवसा नाही म्हणून तो दूर ठेवायचा, हे मला फार आवडलं.

मक्याने मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं आणि उन्मेषला म्हणाला, "मी कट्ट्यावर थाप मारीन, तेव्हा एक दिवा सांगीन. तू 'थांब' नाहीतर 'जा' म्हणायचं." मग पावसापाण्याचं बोलत बसला. मध्येच फाडकन थाप. "मागच्या सामानाच्या दाराचा दिवा!"

"अं... थांब. नाही, जा."

दोन सेकंद आणि वर थोडं. नितीनने लगेच हिशोब केला. एकशेचाळीस नॉटला सेकंदाला बहात्तर मीटर. म्हणजे उन्मेष 'अं' करेपर्यंत विमान कट्ट्यापासून पार मिठाईच्या दुकानाच्या पुढे.

"म्हणजे इतक्या वेगात दिवा लागला तर पायलटने डोळे मिटायचे?" उन्मेष चिडला होता.

"मिटायला लागत नाहीत. विमान तो दिवा लावतच नाही."

आम्ही सगळेच गप्प झालो. मक्याने सांगितलं ते असं. एअरबसमध्ये आणि ७७७ सारख्या बोइंगमध्ये ८० नॉटनंतर बहुतेक किरकोळ इशारे दाबून ठेवले जातात. एअरबसमध्ये साधारण १,५०० फुटांवर पोहोचेपर्यंत. आगीसारखं गंभीर काही असेल तेवढंच पुढे येतं. ७३७ ची घडण जुनी, तिथे मास्टर कॉशनचा (कुठेतरी बिघाड आहे एवढं सांगणारा) दिवा लपत नाही. तिथे दुर्लक्ष करायचं काम पायलटचं.

मामांना हे अजिबात पटलं नाही. "गाडी मी चालवणार आणि मी काय बघायचं ते बनवणारा ठरवणार? वरंध घाटात उतारावर ब्रेकच्या हवेचा बझर वाजला होता माझा. वाजला म्हणून कळलं."

"मग काय केलंत मामा? कचकन दाबला ब्रेक?"

मामांनी तंबाखू मळायची थांबवली. "नाही. आधी वळण काढलं."

"झालं तर."

"झालं काय! वळण काढायचं हे मी ठरवलं ना? बझर बंद ठेवून कुणी माझ्या वतीनं नाही ठरवलं."

मामांचं म्हणणं मला अजून खोडता आलेलं नाही. पण मक्याकडे आकडे होते. अमेरिकेत १९५९ ते १९९० मधले असे ७४ अपघात आणि गंभीर प्रसंग तपासले गेले, ज्यांत टेकऑफ सोडून दिल्यावर विमान पट्टीबाहेर गेलं. निम्म्याहून जास्त ठिकाणी सरळ उडाले असते तर काहीच झालं नसतं. एकूण टेकऑफ सोडण्यांपैकी तीन चतुर्थांश ८० नॉटच्या आत होतात, १२० च्या वर जेमतेम दोन टक्के. हाडं मोडतात ती मुख्यतः या दोन टक्क्यांत.

त्याने न्यूयॉर्कची गोष्ट सांगितली. ३० जुलै १९९२, टीडब्ल्यूए या अमेरिकी कंपनीचं ट्रायस्टार विमान. चाकं जमिनीवरून सुटली आणि स्टॉलचा (पंखांची उचल संपत आल्याचा) इशारा द्यायला कंट्रोल कॉलम, म्हणजे पायलटच्या हातातला दांडा, थरथरू लागला. इशारा खोटा होता. पण को-पायलटने घाबरून विमान कॅप्टनच्या हाती सोपवलं, आणि कॅप्टनने उडालेलं विमान परत पट्टीवर टेकवलं. विमान जळून खाक. आतली सगळी २९२ माणसं वाचली, हे नशीब म्हणायचं.

"म्हणजे व्ही वननंतर थांबणारा गाढवच?" नितीनने काडी टाकली. त्याच्याकडे उलटा पत्ता तयार होता. ८ मार्च २०१७, मिशिगनमधलं विलो रन. एमडी-८३, आत मिशिगन विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ. व्ही वन झालं, कॅप्टनने कॉलम ओढला, नाक उचलेना. उभ्या विमानाला वाऱ्याने झोडपलं होतं आणि शेपटीतला एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी फळी) अडकला होता. कॉकपिटमध्ये एकही दिवा नाही. कॅप्टनने त्या वेगात थांबवलं, विमान पट्टी सोडून पार पुढे गेलं, ११६ च्या ११६ बाहेर आले. शेजारी बसलेला तपासनीस पायलट मध्ये पडला नाही, याचंही तपासात कौतुक झालं.

"त्या यादीत शेवटी काय सांगितलं मी?" मक्या म्हणाला. "उडण्यालायकच नाही. दिव्याचा संबंधच नाही त्यात. त्याने कॉलम ओढला, विमान वर आलं नाही."

उन्मेषला तेवढ्यात लोहगावचीच आठवण झाली. फेब्रुवारी २०२०, एअर इंडियाचं ए३२१ दिल्लीला निघालेलं, वेग १२० नॉट, आणि पायलटला पुढे पट्टीवर जीप आणि एक माणूस दिसला. त्याने ब्रेक नाही मारला, वेळेआधीच नाक उचललं. मागचा भाग पट्टीला घासला, पण विमान दिल्लीला सुखरूप उतरलं. "तो हिरो आणि माझा थांबला तो पण बरोबर? दोघंही कसे रे बरोबर?"

"वेग विचार ना आधी."

मी अहमदाबादच्या विमान अपघाताचा विषय काढणार होतो. मक्याने नुसता हात वर केला. त्यावर तो कट्ट्यावर बोलत नाही.

साडेनऊला चहावाल्याने शटर अर्धं ओढलं. उन्मेषने मोबाइल काढला. कंपनीला तक्रारीचा मेल लिहून ठेवला होता, तो मक्यापुढे धरला. मक्याने पायलटबद्दलचा परिच्छेद अंगठ्याने वर सरकवला, खालचं वाचलं आणि विचारलं, "चार तासांत खायला काय दिलं?"

"एक थंडगार सँडविच."

"मग यावर लिही. सविस्तर लिही."