मारुती ८०० च्या गंजकामाबाबत आपण नोंदवलेल्या तक्रारीस उत्तर

सप्रेम नमस्कार.

आमच्या गॅरेजला एकच तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला, आणि उत्तर लिहिण्याआधी आपल्या गाडीचे जॉबकार्ड व काम चालू असताना काढलेली छायाचित्रे पुन्हा पाहिली. आपले म्हणणे थोडक्यात असे, की १८,००० रुपये सांगून आम्ही ३१,५०० रुपये घेतले, १२ दिवसांच्या कामाला २९ दिवस लावले, बिल वाढवण्यासाठी चांगला पत्रा कापला, आणि एवढे करूनही एकाच पावसाळ्यात उजव्या बाजूच्या मागच्या चाकाच्या कमानीवर रंगाला फुगे आले. शिवाय उन्हाळ्यात दारांच्या तळातून तपकिरी पाणी गळत होते, म्हणजे आतला गंज तसाच होता, असेही आपण लिहिले आहे. यांतल्या काही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या मी खाली मान्य केल्या आहेत. चांगला पत्रा कापल्याचा आरोप मात्र मला मान्य नाही, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

आपली गाडी २०१० सालची. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यामुळे ती पुनर्नोंदणीच्या तपासणीस न्यायची होती, आणि त्याच सुमारास पंक्चर काढताना उजव्या रनिंग बोर्डाखाली (दारांखालच्या पोकळ पट्टीखाली) लावलेला जॅक पत्र्यात घुसला, म्हणून आपण ती आमच्याकडे आणलीत. जॅक ज्या जागी टेकवायचा तीच जागा आत गेली, याचा अर्थ बाहेरून रंग कितीही चकचकीत असला तरी आतली पोकळ पेटी सडली आहे. रंग खरवडल्यावर आधी सुमारे सहा मिलिमीटर जाडीची लांबी (खड्डे भरायची पुट्टी) निघाली, तिच्याखाली फायबरची जाळी, आणि त्याखाली भोकात कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा निघाला. हे काम पूर्वी कोणी केले ते मला ठाऊक नाही आणि विचारायचेही नाही, पण बोळा ओला होता. लांबी ओल शोषते. ती गंजलेल्या पत्र्यावर भरली की ओल आत कोंडून राहते आणि उरलेला पत्रा अधिकच वेगाने खाल्ला जातो. आपण ज्याला चांगला पत्रा म्हणता तो ही लांबी होती. अजूनही शंका असेल तर घरातले साधे लोहचुंबक आज त्या जागी लावून पाहावे. ते आता चिकटेल, कारण तिथे ०.८ मिलिमीटरचा नवा पत्रा आहे.

दुसरीकडे हेच काम लांबी भरून ८,००० रुपयांत होत होते, असे आपण लिहिले आहे. होत असेल. पण मारुती ८०० ला ट्रकसारखी वेगळी चासी (खालचा लोखंडी सांगाडा) नसते. सगळा भार बॉडीच्या पत्र्यावरच असतो, आणि रनिंग बोर्डाची पेटी ही त्या भाराची मुख्य तुळई आहे. दाराच्या खालच्या कोपऱ्यावर लांबी भरणे एक वेळ चालवून घेता येईल, रनिंग बोर्डाला ते मी माझ्या हाताने करणार नाही, मग ग्राहक दुसरीकडे गेला तरी चालेल.

पैशांच्या बाबतीत मात्र चूक आमची आहे. पहिला अंदाज आम्ही बाहेरून पाहून आणि टोच्याने ठोकून दिला होता, त्यात उजवा रनिंग बोर्ड, मागच्या दोन्ही कमानी आणि तेवढ्या भागाचा रंग धरला होता. मॅट उचलल्यावर डावा रनिंग बोर्ड आतून आणि डिकीचा तळ स्टेपनीखाली चाळणीसारखा झालेला दिसला. डिकीत मिठाचा पांढरा थरही होता. मिऱ्याच्या किनाऱ्यावर उभी राहणारी गाडी, रत्नागिरीचा वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पडणारा पाऊस, आणि त्यात मासळीच्या टोपलीतून ठिबकणारे बर्फाचे पाणी, एवढे झाल्यावर पत्रा टिकत नाही. (आमच्या घरची मासळीही डिकीतूनच येते, त्यामुळे हे दोष देण्यासाठी लिहीत नाही, फक्त टोपलीखाली एक खोल ट्रे ठेवत जावा.) गंज उघडल्याशिवाय नेमका अंदाज देता येत नाही हे खरे असले, तरी तो दिसल्यावर कटर चालवण्यापूर्वी आपल्याला फोन करून बोलावणे, पत्रा दाखवणे आणि वाढीव रकमेला होकार घेणे हे आमचे काम होते. आमच्या मिस्त्रींनी डावी बाजू आधी कापली आणि मी आपल्याला फोन दुसऱ्या दिवशी केला. कापलेल्या गाडीच्या मालकाला नाही म्हणण्याची सोय उरत नाही. म्हणून डाव्या बाजूची मजुरी, ४,५०० रुपये, मी आपल्याला परत करीत आहे. पत्रा, प्राइमर आणि रंग यांचा खर्च प्रत्यक्ष झालेला असल्याने तो परत करता येणार नाही.

दिवसांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. गाडी २० फेब्रुवारीला घेतली आणि २१ मार्चला दिली. मधे शिमगा आला, आणि शिमग्यात कोकणातला कारागीर गावी जाणार हे लहान मुलालाही ठाऊक असते. तारीख देताना मी ते गृहीत धरायला हवे होते. काम वाढले त्यामुळेही आठवडाभर गेला, कारण पातळ पत्र्यावर सलग वेल्डिंग केले तर तो तापून वेडावाकडा होतो, थोडे टाके घालून थंड होऊ द्यावे लागते.

आता कमानीकडे येतो. त्या जागी बाहेरचा पत्रा आणि चाकाच्या बाजूचा आतला पत्रा कडेला एकमेकांवर दाबून ठिपक्या-ठिपक्यांनी वेल्ड केलेले असतात, आणि चाकाने उडवलेला ओला चिखल त्या फटीत साचतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा घेतो, त्यामुळे फटीत तो वाढला की दोन पत्रे फाकतात आणि वरचा रंग फुगतो. डावी कमान आम्ही वेल्ड खोलून, दोन्ही पत्रे वेगळे करून साफ केली, आणि तिला आजही काही झालेले नाही. उजवी तशी केली नाही. बाहेरून ती बरी दिसत होती, आपले बिल आधीच वाढले होते, म्हणून मी मिस्त्रींना म्हटले की इथे ब्रश मारून, गंज मारणारे रसायन लावून, सीलर भरू. ब्रश फटीच्या आत पोचत नाही, हे मला कळत होते. आम्ही जास्त कापले अशी आपली तक्रार आहे. या एका जागी आम्ही जेवढे कापायला हवे होते तेवढे कापले नाही, आणि फुगे तिथेच आले. ही कमान खोलून, लागेल तेवढा पत्रा बदलून, रंगासह विनामूल्य करून देईन. बिलावरची हमी फक्त बदललेल्या पत्र्याची आहे, तरी या कामाला मी तो नियम लावणार नाही.

शेवटचा मुद्दा तपकिरी पाण्याचा, आणि तो तातडीचा आहे. ते पाणी नसून मेण आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने पोकळीच्या आतला रंग जळतो आणि तिथे ब्रश पोचत नाही, म्हणून रनिंग बोर्डात व दारांत आम्ही पातळ मेण फवारले होते. एप्रिल-मेच्या उन्हात त्यातले जास्तीचे मेण मऊ होऊन भोकांतून ठिबकते. बोटावर घेतले तर तेलकट लागेल, पाण्यात धुतले जाणार नाही. गाडी देताना हे सांगायचे राहिले, ही चूक माझीच. अंगणात डाग पडू नयेत म्हणून आपण ती भोके चिकटपट्टीने बंद केल्याचे अभिप्रायात लिहिले आहे. कृपया आजच ती पट्टी काढावी. काचेच्या रबरातून दारात उतरणारे पावसाचे पाणी त्याच भोकांतून बाहेर जाते. सगळा पावसाळा ती बंद राहिली असतील तर दारांच्या तळाशी पाणी साचले असण्याची शक्यता आहे.

पट्टी काढल्यावर पाणी निघाले तर कमानीच्या कामाची वाट न पाहता गाडी तशीच घेऊन यावी. दारांची आतली पॅनेल उघडून दोघांनी मिळून पाहू. नाही निघाले तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कोणत्याही दिवशी यावे. कमानीला सहा दिवस लागतील, आणि या वेळी पत्रा कापण्याआधी मी आपल्याला बोलावीन.

आपला,
गॅरेजचा मालक