पेसमेकर असला की व्हॉल्व्ह बदलता येत नाही, हे साफ चुकीचं आहे

आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय, की छातीत आधीच पेसमेकर, स्टेंट नाहीतर जुना व्हॉल्व्ह असेल तर कॅथेटरने, म्हणजे छाती न उघडता बारीक नळीतून, हृदयाचा नवीन व्हॉल्व्ह बसवता येत नाही, मशीन बंद पडतं, छाती उघडायलाच लागते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तो वाचून व्हॉल्व्ह बदलण्याआधीच्या सीटी स्कॅनची अपॉइंटमेंटच कॅन्सल केली. पेसमेकर आहे त्यांना, आणि तलावपाळीवरून घरी येताना आता दोनदा बसायला लागतं, इतका दम लागतो. म्हणून लिहितेय.

पेसमेकरची वायर शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूला जाते, आणि टावीचा, म्हणजे असा कॅथेटरने बसवायचा, व्हॉल्व्ह जांघेतल्या धमनीतून डाव्या बाजूच्या एओर्टिक व्हॉल्व्हच्या (हृदयातून शरीराकडे रक्त सोडणाऱ्या झडपेच्या) जागी बसतो, म्हणजे रस्ताच वेगळा. उलट हृदयाला करंट देणारे तंतू त्या व्हॉल्व्हला खेटूनच असतात, त्यामुळे टावीनंतर काहींना नवीन पेसमेकर बसवायला लागतो. काकांचा तर आधीच आहे! आणि सीटीला पेसमेकर आड येत नाही, लोक एमआरआयशी गल्लत करतात.

स्टेंट असला तरी टावी होते. फक्त नंतर कधी अँजिओग्राफी लागली तर नव्या व्हॉल्व्हच्या जाळीतून वाट काढणं अवघड जाऊ शकतं, म्हणून डॉक्टर आधीच हृदयाला रक्त देणाऱ्या नळ्या बघून घेतात.

जुन्या व्हॉल्व्हचं मात्र नीट समजून घ्या, कारण मेसेजमध्ये खरं आहे ते एवढंच. एओर्टिकच्याच जागी धातूचा, टिकटिक करणारा, ज्याला आयुष्यभर रक्त पातळ करायची गोळी लागते तो असेल तर त्याच्या आत दुसरा बसत नाही, त्या चकत्या बाजूला दाबल्याच जात नाहीत. पण गाय-डुकराच्या टिश्यूचा असेल आणि झिजला असेल तर त्याच्या आतच नवीन उघडतात, व्हॉल्व्ह-इन-व्हॉल्व्ह, अमेरिकेत 2015 मध्येच याला मंजुरी मिळाली. जुना खूप लहान असेल किंवा हृदयाला रक्त देणाऱ्या नळीचं तोंड बंद व्हायची भीती असेल तर डॉक्टर नाही म्हणू शकतात, आणि ते कळायलाच सीटी लागतो ना! धातूचा व्हॉल्व्ह मायट्रलच्या, म्हणजे डाव्या बाजूच्याच दुसऱ्या झडपेच्या, जागी असेल तरी नीट मापं घेऊन एओर्टिकची टावी करतात.

आणि छाती उघडायलाच लागते म्हणे! एकदा उघडलेली छाती परत उघडणं जास्त जोखमीचं, अशांना तर कॅथेटरचा मोठाच आधार. 2002 मध्ये फ्रान्समध्ये डॉ. अलेन क्रिबिए यांनी पहिली टावी केली ती सर्जननी नाही म्हटलेल्या पेशंटवरच.

काल काकांकडे बसून फाईल लावली, पेसमेकरचं कार्ड सगळ्यात वर, खाली क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीचा, रिपोर्ट, कारण सीटीत डाय देतात. अपॉइंटमेंट परत घेतलीये, गुरुवारची.