पाववाल्याला मुदत, टॉवरला माफी?

आमच्या नाक्यावरच्या बेकरीची भट्टी अखेर विझली. आता गॅस. मुंबईतल्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्यांनी सहा महिन्यांत इंधन बदलावं, असं हायकोर्टाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं, तेव्हा मी सगळ्यात आधी चिडलो होतो. म्हटलं, यांना गरिबाचा पावच दिसला!

मग एकदा पहाटे बेकरीच्या मागच्या बाजूला गेलो. भट्टीत झाडाचं लाकूड नव्हतंच. मोडकी कपाटं, प्लायवूड, एका दरवाजावर तर सनमायका तसाच. भंगारातलं लाकूड स्वस्त पडतं. म्हणजे गोंद आणि रंग जाळून आमची लादी भाजली जात होती. तेव्हा गप्प बसलो.

पण समोर रिडेव्हलपमेंटचा टॉवर उठतोय, त्याचं काय? पालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये नियम काढले: उंच पत्रे लावा, इमारतीला हिरवं कापड गुंडाळा, पाणी मारा, बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाकं धुवा. पत्रे आहेत, खोटं कशाला बोलू. कापड फाटून लोंबतंय. आणि चाकं धुवायचा खड्डा इतका कोरडा की त्यात एक मांजर झोपते. ट्रक शेजारून निघतो, रस्ताभर सिमेंटचा पट्टा ओढत.

आई ७४ वर्षांची. दिवाळीनंतर वारा पडला की तिचा खोकला सुरू, इनहेलर उशाशी. मी हवेच्या दर्जाचं ॲप बघतो, तर 'समाधानकारक'! आपल्याकडे पीएम २.५ चं, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांचं, दिवसाचं प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत असलं तरी हवा 'समाधानकारक'च धरतात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे १५. केसाच्या विसाव्या हिश्शाहूनही बारीक हे कण फुप्फुसातून थेट रक्तात उतरतात, म्हणून प्रश्न नुसत्या खोकल्याचा नाही, हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचाही आहे. समाधान नक्की कोणाचं, ते तेवढं कळवा.

पाववाल्याने पदरचे पैसे घालून भट्टी बदलली, पाव महाग झाला, आम्ही मुकाट घेतो. टॉवरवाल्याला फक्त पाण्याचा पाइप सोडायचाय. तक्रार केली की दोन दिवस फवारणी होते, तिसऱ्या दिवशी पुन्हा धुरळा.

काल बेकरीवाले चाचा विचारत होते, "गॅसचा पाव कसा लागतो?" खरं सांगितलं, कड पूर्वीसारखी खरपूस नाही. दोन लाद्या घेतल्या.

आणि हो, खड्ड्यातली मांजर परवा व्याली. तीन पिल्लं आहेत.